सात्याची जागा

माह्यासारखी बावळी मीच. रानभाज्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपात मले घुसाचं होतं. त्याइच्या अटी अशा, का भाजी सोता तोडलेली पाह्यजे, तिचा फोटो पाह्यजे अन् ती कुठी भेटली तेही लिहा.

सासूबाईनं त्याच दिवशी जंगलातून सात्या आणल्या होत्या, वारुळावर निघतेत ते मशरूम. मी त्या आपल्या पदरात घेऊन फोटो काढला. पण जागेपाशी अडली. आमच्या सावली तालुक्यात सात्याची जागा कोणी सख्ख्या बहिणीलेही सांगत नाई. तरी मी इचारलंच.

"आत्याबाई, सात्या कुठी भेटल्या?"

"जंगलात."

"जंगलात कुठी? नाई लिहिलं तर ते लोक मले घेत नाई."

"कोन लोक?"

"ओळखीचे नाई. पण अर्ज केला का घेतेत."

त्या सात्या निवडत राह्यल्या. मी फोन बाजूले ठेवला.

"बरं, त्याइले नका सांगू. मले तं सांगा. या घरात माहे केस पिकले."

त्याइनं माह्या केसाइकडं नीट पाह्यलं.

"तुहा अर्ज पोचला, बाई. इचार चालू आहे."