टाकीची वाट

बायको: ...उजवीकडे सरका. अजून थोडं. हां, गेला खड्डा.

ड्रायव्हर: हा खड्डा मागच्या आठवड्यात एवढा नव्हता.

बायको: ट्रॅक्टर गेलेत त्यावरून. आता फाट्यापर्यंत सपाट आहे. कोपर अंगाशी धरा, दोघांच्या हातातली दोरी ताणतेय.

ड्रायव्हर: दोरी मी ताणत नाहीये, तू मागं पडतेयस. रात्री फार वेळ मशीनवर बसली होतीस ना?

बायको: शाळेचे गणवेश म्हटल्यावर बसावंच लागतं. डाव्या पायाशी दगड. हां.

ड्रायव्हर: आज खिंडीच्या रस्त्यानं जाऊ या.

बायको: अगं बाई! तो चढ केवढा आहे!

ड्रायव्हर: त्या चढावर मी गच्च भरलेली बस चढवायचो. टपावरसुद्धा माणसं. आता नुसता मी आहे, चढेन की.

बायको: बस चढायची. तुम्ही बसून असायचात.

ड्रायव्हर: बसून! एकदा बसून दाखव तिथं, मग कळेल. थांब, मागून कोणीतरी येतंय. टाच घासत पळतोय. कंपाउंडरच.

कंपाउंडर: ओळखलंत, ड्रायव्हरसाहेब! काय कान आहेत हो तुमचे!

ड्रायव्हर: कान कशाला लागतात? दवाखान्याचा वास तुमच्या पुढे पळतो. आज औषधं कोण देतंय?

कंपाउंडर: डॉक्टर नऊला उगवतात, तोवर आपण मोकळे. नमस्कार वहिनी! परवा संध्याकाळी डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीच्या वाटेवर दोन हाका मारल्या तुम्हाला, मागे वळूनही बघितलं नाहीत.

बायको: मी? छे. दुसरं कोणी असेल.

कंपाउंडर: असं कसं? हीच टोपी, हेच बूट. साहेब, वहिनी एकट्या असल्या की सुसाट सुटतात हां! आणि गंमत सांगू? पळता पळता बोलत होत्या. 'उजवीकडे दगड, सांभाळा.' म्हटलं, फोनवर कुणाला वाट सांगतायत की काय.

बायको: अहो, समोरून शेळ्या येतायत. हळू घ्या. थांबाच जरा.

कंपाउंडर: शेळ्या? कुठायत शेळ्या?

बायको: तुम्ही व्हा पुढे, कंपाउंडर. उशीर होईल तुम्हाला.

कंपाउंडर: बरं बरं. निघतो. साहेब, गोळ्या संपल्या असतील, येऊन घेऊन जा.

ड्रायव्हर: येतो.

ड्रायव्हर: गेला तो. शेळ्या गेल्या का?

बायको: चला, पळू या.

ड्रायव्हर: मी विचारतोय, शेळ्या गेल्या का?

बायको: नव्हत्या.

ड्रायव्हर: मलाही गळ्यातली एक घंटा ऐकू आली नाही. डोळे गेल्यापासून तू मला पुष्कळ गोष्टींत गुंडाळलं असशील, पण रस्त्याच्या बाबतीत कधी खोटं बोलली नव्हतीस.

बायको: तोंडातून निघून गेलं हो.

ड्रायव्हर: परवा संध्याकाळी तू काजवाल्याकडे गेली होतीस. गणवेशांची काज-बटणं करून घ्यायला.

बायको: गेलेच होते. कपडे टाकले आणि तिथून पुढे गेले.

ड्रायव्हर: आणि त्याच्या आधी? महिनाभर ऐकतोय, काजवाला आणि काजवाला! मी मनात म्हणतोय, एवढी काजं लागतात कशाला? पोरांना अंगभर बटणं लावतेयस की काय?

बायको: पाइप आहे आडवा. पाय उचला.

ड्रायव्हर: खरंच आहे, का हाही शेळ्यांपैकीच?

बायको: अहो, पाय उचला!

ड्रायव्हर: आई गं!

बायको: लागलं ना? दाखवा. बसा इथं कठड्यावर. बूट काढा. नख तर शाबूत आहे.

ड्रायव्हर: राहू दे तो अंगठा. सांग मला. मी हळू पडतो का तुला?

बायको: नाही हो.

ड्रायव्हर: मग माझ्याबरोबर पळायची लाज वाटते? लोक बघतात म्हणून?

बायको: काय वाट्टेल ते बोलू नका. लाज वाटायची तर पहिल्याच दिवशी वाटली असती. भर चौकात पायात पाय अडकून दोघंही आडवे झालो होतो, सगळं गाव हसत होतं, आणि सगळ्यात जास्त मी हसत होते.

ड्रायव्हर: मग चोरून कशाला? चोरून कुणाला भेटायला जात असतीस, तर एक वेळ समजून घेतलं असतं मी.

बायको: वा! मोठे समजूतदार!

ड्रायव्हर: तसं नाही गं. पण पळायला चोरून? काचबिंदूनं डोळे नेले, डोळ्यांपाठोपाठ बस गेली. स्टँडवर जाऊन बसलो तर लोक चहा पाजतात आणि हळूच उठून जातात. सगळ्यातून आपल्या दोघांचं म्हणून हे एवढंच उरलं होतं.

बायको: म्हणूनच नाही सांगितलं.

ड्रायव्हर: सोड दोरी.

बायको: काय?

ड्रायव्हर: सोड म्हणतो ना. तुझ्या हातातलं टोक दे इकडे. अर्धं आयुष्य या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलंय मी. तुला टाकीला जायचंय, टाकीला जा. मी माझा जातो घरी.

बायको: रस्ता तुम्हाला गाडीतून पाठ आहे. पायांना नाही.

ड्रायव्हर: आणि बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस आता.

ड्रायव्हर: हा कठडा. कठडा धरून गेलं की वळण. मोठ्ठं वळण, सेकंड गिअरचं. आणि वळणावर ते वडाचं झाड.

ड्रायव्हर: संपला कठडा. म्हणजे आता डावीकडे. का अजून सरळ?

ड्रायव्हर: आहेस का गं?

ड्रायव्हर: अगं, आहेस का? बोल ना!

बायको: आहे. हाताच्या अंतरावर आहे. तुम्हीच म्हणालात बोलू नकोस.

ड्रायव्हर: कुठे उभा आहे मी?

बायको: रस्त्याच्या मधोमध. तोंड दरीकडे आहे तुमचं. कडा लांब आहे अजून, घाबरू नका. हात द्या इकडे.

ड्रायव्हर: घाबरलो नाही.

बायको: मी घाबरले. चला, पुन्हा कठड्यावर बसू.

ड्रायव्हर: बोल. काय बोलायचं ते बोलून टाक.

बायको: बघितलंत ना आत्ता? मी गप्प बसले की तुम्ही जागच्या जागी थांबता. म्हणून मी गप्प बसतच नाही. दारातून निघाल्यापासून दारात येईपर्यंत दगड, खड्डा, वळण, कुत्रा, सायकल. घरात आलं की पायाशी स्टूल आहे, कप गरम आहे, दार अर्धं उघडं आहे. तुम्हाला कंटाळले नाही हो मी. बोलून बोलून दमते. पाय दमत नाहीत माझे, तोंड दमतं.

ड्रायव्हर: कधी बोलली नाहीस ते.

बायको: म्हणजे त्यासाठी आणखी बोलायचं?

ड्रायव्हर: हे मात्र खरं.

बायको: हसू नका. मला रडायला येतंय.

ड्रायव्हर: नाही हसत. पण टाकीवर तरी गप्प पळायचंस की! कंपाउंडर म्हणतो तू तिथंही बोलत होतीस.

बायको: तेच तर! पहिल्यांदा गेले ना, काय सुंदर वाट आहे हो ती. दोन्ही बाजूंना गवत, खाली सगळं गाव, माणूस नाही की गाडी नाही. आणि मी आपली सुरू! 'डावीकडे उतार आहे, हळू.' हातसुद्धा असा बाजूला धरलेला, दोरी असल्यासारखा. मध्येच लक्षात आलं, कुणाला हळू म्हणतेय मी? तिथेच मटकन बसले आणि पोट भरून रडले.

ड्रायव्हर: आणि मी तेव्हा घरी रेडिओ लावून बसलो होतो.

बायको: तुमचा काय दोष त्यात?

ड्रायव्हर: ती टाकीची वाट अरुंद आहे ना गं? पाण्याचे पाइप टाकायला मजूर जायचे तिथून, एकामागून एक.

बायको: हो. एका माणसापुरती आहे. दोघं मावत नाहीत.

ड्रायव्हर: म्हणून ती निवडलीस.

बायको: हो. म्हणूनच.

ड्रायव्हर: परवाही अख्खी वाट बोलत गेलीस?

बायको: अर्धी. शेवटच्या चढावर मात्र एक शब्द नाही. नुसता माझा श्वास आणि वारा. पायाखाली दगड येत होते आणि पाय आपले आपण चुकवत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, आधी तोंडानं म्हटल्याशिवाय दगड चुकवताच येत नाही. वर टाकीला हात लावला आणि एकदम इतकं बरं वाटलं की तुम्हाला सांगावंसं वाटलं. मग आठवलं, सांगायची सोय नाही.

ड्रायव्हर: कसली आफत केलीस स्वतःची.

बायको: मला ते पाहिजे आहे, अहो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. बाकी रोज सकाळी ही दोरी हातात धरेनच. पण त्या दोन दिवशी घरात शिरताना चोरासारखं वाटतं, ते मला नको आहे.

ड्रायव्हर: आणि तेव्हा मी काय करायचं?

बायको: कंपाउंडरना विचारा. तेही संध्याकाळी पळतात.

ड्रायव्हर: त्याच्याबरोबर? तो गावभरच्या बातम्या सांगत सांगत मला विहिरीत नेऊन घालेल. वर ओरडून विचारेल, साहेब, पाणी किती आहे?

बायको: मग बसा घरी. मी मशीनवर असते तेव्हा एकटीच असते की.

ड्रायव्हर: तोडून बोलतेस आज.

बायको: एकदा बोलायचंच आहे, तर सगळं बोलून घेते.

ड्रायव्हर: पडलीस वर एकटी, पाय मुरगळला, तर कुणाला कळणार?

बायको: तुम्हाला कळेल. आता तुम्हाला माहीत असेल ना, मी कुठे आहे ते.

ड्रायव्हर: हं.

बायको: रागावलात?

ड्रायव्हर: रागावलोय. पण कुणावर ते कळत नाहीये. ऊठ. खिंड राहू दे आज. कालव्याच्या कडेनं घरी जाऊ.

बायको: अंगठा?

ड्रायव्हर: जागेवर आहे. कालव्याचा रस्ता अजून मुरमाचाच आहे ना? मध्ये काही आलं नाही?

बायको: काही नाही. पुलापर्यंत नाकासमोर आहे.

ड्रायव्हर: मग तिथं तू बोलू नकोस.

बायको: कंपाउंडर बोलले म्हणून चेष्टा करताय?

ड्रायव्हर: अगं नाही. माझा कंडक्टर कधी पुढे येऊन सांगायचा का मला? मागून दोरी ओढायचा. एक बेल, थांब. दोन बेल, चल. गाडी त्यावर चालायची, शंभर माणसं घेऊन. तू दोरी ओढ. बाकी गप्प.

बायको: सायकल आली तर?

ड्रायव्हर: सायकल मला ऐकू येते. तुझ्या आवाजात ऐकू यायची नाही, ती गोष्ट वेगळी.

बायको: अस्सं!

ड्रायव्हर: ही चेष्टा होती.

बायको: आणि भीती वाटली तर?

ड्रायव्हर: तर मी बोलेन. तू नको. चल, दे दोरी इकडे. हं, मार डबल बेल.

[दोघे कालव्याच्या कडेनं पळतात. पूल येईपर्यंत कुणी बोलत नाही.]

बायको: पूल आला.

ड्रायव्हर: आला? बरं झालं.

बायको: अहो, केवढा घाम आलाय तुम्हाला! एवढ्या जोरात तर नाही पळालो आपण.

ड्रायव्हर: तू गप्प, मग सगळा रस्ता मनातल्या मनात मीच सांगत आलो. आता दगड असेल, आता कडा असेल, आता कुणी येत असेल. एक पाऊल मोकळं पडलं नाही. दमलो बाई.

बायको: उद्यापासून बोलते परत.

ड्रायव्हर: इथं नको. तुझ्या गप्प राहण्याची इथं मला सवय होईल. उद्या संध्याकाळी तू टाकीला जा.

बायको: खरं म्हणताय?

ड्रायव्हर: मी दारात खुर्ची टाकून बसेन. फुगून नाही, नुसता बसेन.

बायको: लवकर येईन. आणि वरून काय काय दिसतं ते आल्या आल्या सांगेन तुम्हाला, सगळं.

ड्रायव्हर: नको. ते नको सांगूस. ते तुझं तुला राहू दे.