हातमोजे घातलेलेच राहू द्या

नाही कोच, हातमोजे काढू नका. घातलेलेच राहू द्या. स्वयंपाकघरात उकडतंय ते कळतंय मला, जाड लोकरीत कॉफीचा मग नीट धरता येत नाही तेही कळतंय — पण या घरात असंच असतं. हात मोकळे करायचे ते पुढे बुटांच्या खोलीत, मधलं दार लावून. चर्चच्या बायका बटाटा भरलेल्या पेरोगी घेऊन येतात ना, त्यासुद्धा हातमोज्यांनीच डबा टेकवतात आणि जातात. बाबा आत झोपलेत. हळू बोला — म्हणजे मी हळू बोलते, तुम्ही नुसतं ऐका. आजवर तुम्हीच बोललात.

तर आज संध्याकाळी बाबांचा खेळातला बावीस नंबरचा स्वेटर मान म्हणून आइस हॉकीच्या रिंकच्या छताला टांगायचा, आणि बाबांना हाताला धरून बर्फाच्या मधोमध आणायचं. छान. अख्खं गाव येणार. मोठ्या लीगमध्ये या गावातून आमचे बाबा, ओरेस्ट हालिक, सोडून दुसरं कोणी गेलं नाही — मान्य. पण तिथे जाऊन खेळले काय? बर्फावर उतरायचं, हातमोजे खाली टाकायचे, समोरच्याचा जबडा फोडायचा, आपला फोडून घ्यायचा आणि शिक्षेच्या बाकावर पाच मिनिटं जाऊन बसायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. गोल किती केले? तुम्हालाही नाही ना आठवत? कोणालाच नाही आठवत. आजी सांगायची, पोरगा सोळा वर्षांचा होता तेव्हा त्याचा पास बघायला शेजारच्या गावांतून लोक ट्रक घेऊन यायचे. मग तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात — "ऑरी, नाजूक खेळणारे ढिगानं मिळतात, तुझ्यासारखं धूड मिळत नाही." बाबा हे अभिमानानं सांगायचे. अजूनही सांगतात. माझं नाव विसरतात, तुमचं वाक्य पाठ आहे.

गालावर? काही नाही. मागच्या अंगणात घसरले. बर्फ आहे, माणसं घसरतात. आणि गळ्यातल्या शिट्टीकडे असं बघू नका, ती कामाची आहे.

तुमच्या त्या मानवंदनेचं ऐकलं मी. ज्युनियर संघाची सगळी पोरं बाबांभोवती गोल करून उभी राहणार आणि एकदम हातमोजे बर्फावर टाकणार — कोणाच्या डोक्यातून निघालं हे? तुमच्याच, दुसऱ्या कोणाच्या निघणार. फोटो चांगले येतील. आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला काय वाटेल? त्याच्या डोक्यात तो अजून तिशीच्या आतला आहे, आणि चारी बाजूंनी पोरं त्याला मारायला उभी आहेत. तुमचा नातूही असेल ना त्यांत? सगळ्यांत जवळ कोण असेल, त्याच्यावर जाईल पहिला ठोसा. पहिला आपला असायला हवा — तुम्हीच शिकवलंत. मला माहितीय, कारण मंगळवारी दूध उतू चाललं होतं, मी घाईत हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि वळले तर —

घसरले म्हटलं ना. घसरलेच. आईलाही तेच सांगितलंय, आणि तुम्हीही तेच सांगायचं. सोमवारी आरोग्य केंद्राची बाई येतेय बाबांना बघायला. तिला कळलं की त्यांना शहरातल्या कुलूपबंद आश्रमात नेतील, आणि आई सही करून मोकळी होईल. तिला बोल नाही लावत मी, थकलीय ती. पण मी शाळा सोडली ती त्यांना कुलपात बसलेलं बघायला नाही. ऑरीची पोरगी वाया गेली म्हणतं गाव — म्हणू दे. दिवस बरा असला की ते मागच्या अंगणात पाणी सोडून बर्फ धरवतात, मला काठी देतात आणि पास देतात. इतका अलगद, कोच, की काठीला पकची रबरी चकती लागल्याचा आवाजही होत नाही. ते खरे हात होते त्यांचे. ते तुम्ही वापरलेच नाहीत.

आता रडताय? रडा. पण बाहीनं पुसा, हातमोजा — काय करताय, घाला. परत घाला, ते उठलेत.

बाबा. बाबा, कोणी नाही. मुठी खाली घ्या. भांडण नाहीये बाबा, म्हातारा माणूस आहे, डोळे पुसतोय — कोच, टेबलामागे व्हा. बाबा, माझ्याकडे बघा. बाबा —

झालं. शिट्टी वाजली, बाबा. खेळ थांबला. चला, बाकावर. हां. तिकडेच.

बघितलंत? बुटांच्या खोलीत बाकावर बसलेत. पाच मिनिटं बसतील, गुडघ्यांवर हात ठेवून. वाद नाही, आरडाओरडा नाही. शिट्टी ऐकली की जातात, अजूनही.

ऐकू येतंय ना, काय विचारतायत? "कोच खूश आहेत का?" प्रत्येक वेळी हेच विचारतात. प्रत्येक वेळी मीच सांगते — हो बाबा, खूश आहेत. आज तुम्ही इथे आहात. आज तुम्ही सांगा.

सांगा ना.

राहू दे. हो बाबा, खूश आहेत. फार खूश आहेत.

मागच्या दारानं जा, कोच, पुढे ते बसलेत. तुमचा तो स्वेटर टांगा खुशाल, बाबा नाही येणार. आणि तो हातमोजा उचला खालचा, त्यांना दिसायच्या आत.