यजमानांच्या स्टँडमध्ये उडालेला मी

मॅच बघताना मी गप्प बसू शकतो, असा मला एकदा भ्रम झाला होता. आमच्या टीमची फुटबॉल मॅच बघायला मी मँचेस्टरहून ट्रेनने दुसऱ्या गावी गेलो. पाहुण्या टीमच्या चाहत्यांसाठीच्या अवे स्टँडची तिकिटं संपली होती, म्हणून मी गुपचूप यजमान टीमच्या स्टँडमध्ये बसलो. तिथे पाहुण्या टीमचा चाहता सापडला, की स्टेडियमचे स्टुअर्ड त्याला सरळ बाहेर काढतात.

विसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला आणि मी "येस्स!" करून उडालोच. सगळा स्टँड चिडीचूप. शेजारचे गोरे आजोबा रोखून बघायला लागले. घाबरून मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "सॉरी हं, आत्ताच कळलं. मला मुलगी झाली!"

आजोबांनी हात मिळवला, मागच्यांनी पाठ थोपटली, एका काकूंनी तर चॉकलेट दिलं. लग्नाचा पत्ता नव्हता आणि मी अभिनंदनं स्वीकारत होतो.

सेकंड हाफमध्ये आमचा दुसरा गोल झाला. मी पुन्हा उडालो.

मैदानावरची नजर न हलवता आजोबांनी शांतपणे विचारलं, "जुळं का?"