डोक्यावरचा पेटारा

(शारजा, १९९९. विष्णूचा फ्लॅट. व्हीसीआरवर जुना जपानी सिनेमा नुकताच संपलाय. विष्णूचे वडील आबा, कुडाळहून व्हिजिटवर आलेले, आणि मुलगी दिया टीव्हीसमोर.)

आबा : गो दिया, मागे घे. तो पोरगो पेटारो उचलता, थयसून.

दिया : आजोबा, थर्ड टाइम. ओके, रिवाइंड.

आबा : माका जपानी येणा नाय, पण सगळा समाजला. बघलंस विष्णू? नाटक कंपनीचो मालक फिरतीर, झील एका गावात वाढलो, बापाक वळकणा नाय. आमच्यासारखेच रे हे.

विष्णू : आबा, जरा पडा आता. उद्या मराठी मंडळात तुमचा प्रोग्रॅम आहे.

आबा : झोप खय येता? समुद्रापलीकडे दशावतार करतलंय मी. आमच्या कंपनीत कोणी केल्यान नाय.

दिया : आय टोल्ड माय होल क्लास. बट पप्पा, मंडळाच्या पोस्टरवर आजोबांचं नाव का नाही? इट ओन्ली सेज 'कोकणचे लोककलावंत'.

विष्णू : जागा नव्हती.

दिया : देअर वॉज स्पेस फॉर द डिनर मेन्यू.

आबा : ऱ्हवांदे गो. तुझ्या बापाक हापिसात मान असा. बापूस साडी नेसून नाचता, ह्या कित्याक सांगूचा?

विष्णू : तसं नाही हो आबा.

आबा : मी रागावलंय नाय. फकत सांग, उद्या माझो सोंगांचो पेटारो हॉलात कोण आणतलो?

विष्णू : हॉलची ट्रॉली आहे. सिक्युरिटीतला खैरुद्दीन ढकलत आणेल.

आबा : पेटारो ढकलत नाय रे नेणत. त्येच्यात देव असा. लोकांमधून, डोक्यार येता तो, अनवाणी माणसाच्या. आणि घरच्याच्याच डोक्यार. माझ्या बापाशीचो मीच आणी होतंय.

विष्णू : आबा, पहिल्या रांगेत माझा बॉस असेल. अख्खं ऑफिस येणार आहे.

आबा : मगे ट्रॉली बरी.

दिया : आय विल कॅरी इट.

आबा : तुका जड जातलो बाय.

दिया : हिअर, आजोबा, तोच सीन. ही इज लिफ्टिंग इट.

विष्णू : थांब, पॉज नको करू... आबा, त्या मुलाला शेवटपर्यंत कोणी सांगतच नाही का, की हा आपला बाप?

आबा : सांगूक कित्याक होया? बापाचो पेटारो उचलल्यान, गावाक समाजला.

विष्णू : दिया, फोन दे. खैरुद्दीनला सांगतो, ट्रॉली खलास.

दिया : पप्पा, रिअली?

विष्णू : आबा, डोक्यावर ठेवायला चुंबळ लागेल ना?

आबा : पेटाऱ्यात असा. तू शाळेत होतस तेव्हापासून तुझ्यासाठी दर खेळाक घेवन फिरतंय.