मागच्या खोलीचा कागद

बसा, सगळे बसा. मागे जे उभे आहेत त्यांनी सतरंजीवर पुढे या, जागा आहे.

मंडळी, मला भाषण येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. नानांचा मुलगा विलास परवा म्हणाला, "दगडूकाका, तुम्ही बोला. तुम्ही बाबांचे सगळ्यांत जुने मित्र." विजेच्या बिलामागे चार ओळी लिहून आणल्या होत्या. बिल घरी राहिलं. पाण्याची मोटर बंद केली की नाही, तेही आता आठवत नाही. जाऊ द्या. आठवेल तसं सांगतो.

नाना गेले त्याला आज नऊ दिवस झाले. इथे बसलेल्यांपैकी निम्मे नानांचे भाडेकरू आहेत. उरलेले माझ्यासारखे, नानांना विचारून विचारून घरमालक झालेले. नानांचं गाव पहूर. नोकरी रावेरला, केळीच्या वखारीत वजनकाट्यावर. पुढे जळगावला आले, एक खोली बांधली, मग दुसरी. अशा सात झाल्या. माझ्या तीन. मी कामाला होतो ती कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हापासून त्या तीन खोल्यांवर माझं घर चालतं. म्हणून मला सारखी भीती. खोली रिकामी राहिली की मला जेवण जात नाही.

खोल्या बांधायच्या आधी मी धुळ्याजवळ एक प्लॉट घ्यायला निघालो होतो. चैत्राचे दिवस. जमीन सपाट, कोरडी, चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या. दलालाने सरबत पाजलं. मी येऊन नानांना सांगितलं. ते म्हणाले, "श्रावणात बघू."

मी म्हटलं, "नाना, तोवर जाईल हो."

"जाणारा प्लॉट गेलेलाच बरा."

श्रावणात आम्ही एसटीने गेलो. माझ्या प्लॉटात म्हशी बसल्या होत्या. गळ्यापर्यंत पाण्यात. नाना शेजारच्या शेतकऱ्याबरोबर तंबाखू मळत बसले. तंबाखू मळून होईतो कळलं की ती जागा शेतीचीच आहे, बिनशेती झालेलीच नाही. येताना बसमध्ये म्हणाले, "दगडू, प्लॉट पावसाळ्यात बघावा, घर उन्हाळ्यात बघावं. आणि विचारायचं ते शेजाऱ्याला. विकणाऱ्याला काय विचारतोस?"

मग मी खोल्या बांधल्या. नाना म्हणाले, भाडेकरूला दोन्ही किल्ल्या देऊन टाक. मी म्हटलं, एक आपल्याकडे नको का? नळ चालू राहिला तर? मी एक ठेवली. आणि राहिलाच एकदा नळ चालू. माझ्याकडे दवाखान्यात काम करणारी एक मुलगी राहायची. ती कामावर गेली होती. मला पाण्याचा आवाज आला. मी आत गेलो, नळ बंद केला, बाहेर आलो. संध्याकाळी तिला फरशीवर माझ्या ओल्या पायांचे ठसे दिसले. महिना संपला तशी खोली सोडून गेली.

नाना आले. म्हणाले, "तू घरमालक आहेस की मांजर? नळ बंद केलास ना? आता खोलीही बंद राहील." राहिली. चार महिने.

असे ते बोलायचे. खूप सांगायचे. होळी झाली की गच्चीला चुना मारा, खालच्या माणसाचा जीव थंड राहतो. खोली देताना मीटरचा आकडा भाडेकरूसमोर वाचा, दोघांनीही मोबाईलवर फोटो काढा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, लाजू नका, चांगल्या माणसाला राग येत नाही. भिंतीत खिळा दिसला म्हणून कुणाची अनामत अडवू नका. भिंत आहे, खिळा मारणारच.

पण सगळ्यांत जास्त सांगायचे ते कागदाचं. करार करा, आणि नुसता करू नका, नोंदवा. नोंदणी नसली की भांडणात भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात, आणि दंड मालकाला. मी एकदा म्हटलं, नाना, आपली माणसं विश्वासाची आहेत, कागद कशाला? तेव्हाचं त्यांचं बोलणं मला पाठ आहे. म्हणाले, "माणूस बदलत नाही रे. माणसाच्या मागचे बदलतात. कागद त्यांच्यासाठी."

मंडळी, आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. हेच सांगायला मी उभा राहिलो.

सात खोल्यांपैकी सहांचे कागद नानांनी नोंदवले. एक राहिला. मागच्या खोलीचा. अक्काचा.

अक्का त्या तिथे, खांबाजवळ बसल्या आहेत. एकोणीस वर्षं त्या खोलीत आहेत. मागे-पुढे कुणी नाही. ज्वारीचे पापड, आपले बिबडे, करतात, जुन्या साड्यांवर गच्चीत वाळवतात, त्यावर जगतात. तुमच्यापैकी प्रत्येकाने ते खाल्लेत. नाना गच्चीला कुलूप लावायचे. त्याची एक किल्ली फक्त अक्काकडे.

करार नोंदवणारा माणूस घरी यायचा, अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन. सगळ्यांचे अंगठे उमटले, अक्काचा उमटेना. जन्मभर पीठ थापून थापून रेषाच गेल्या. दहाही बोटं लावून पाहिली. अक्का म्हणाल्या, "त्याले सांगा, मनं बिबडं खाय, मंग वळखशी." यंत्राला बिबडं चारायचं म्हणून सगळे हसले. नाना हसले नाहीत.

तो माणूस म्हणाला, यांना कचेरीत घेऊन या, यांना ओळखणारे दोन साक्षीदार आणा, तिथे साहेब बघतील. नाना मला म्हणाले, "एक साक्षीदार समोरचा गिरणीवाला. दुसरा तू. आणि हा कागद अकरा महिन्यांचा नाही करायचा. पाच वर्षांचा. खोली आणि गच्ची दोन्ही. माझं वय झालं, दगडू."

मी विचारलं, "साक्षीदाराला कोर्टात बोलावतात का?"

"बोलावलं तर जा. चहा मिळेल."

मी गेलो नाही. पहिल्यांदा म्हटलं, ऊन फार आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, जामनेरला लग्न आहे. तिसऱ्यांदा म्हटलं, गुडघा दुखतो. नाना म्हणाले, "सही गुडघ्याने करतोस का?" त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पुन्हा विचारतील, तेव्हा जाऊ, असं मी धरून चाललो होतो. एका दुपारी ते जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

ऊन होतं, हे खरं. लग्न होतं, तेही खरं. पण मी घाबरलो होतो. शिकलेला नाही, सही केली की काय गळ्यात येईल कळत नाही. एवढंच होतं. ज्या माणसाने मला म्हशींच्या पाण्याबाहेर ठेवलं, त्याने एक सही मागितली आणि मी गुडघा दाखवला.

नाना गेल्याच्या चौथ्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन आली. खोल्या मोजून गेली. सगळ्या भाडेकरूंनी पाहिलं. अक्का माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी कोठे जाऊ? गच्चीवाली खोली म्हातारीले कोन देस?" त्यांनी वाळवणाच्या साड्या धुऊन, घड्या घालून बांधून ठेवल्यात. हे दिवस बिबड्यांचे. नानांची गच्ची आज रिकामी आहे, बाहेर गेलात की वर बघा.

विलास, तू खाली बघू नकोस. तू वाईट नाहीस. तू नाशिकला असतोस, तुझा संसार तिकडे, जागा विकावी असं वाटणं यात पाप नाही. नानांनी तुला हे सांगितलं नसेल. त्यांना वाटलं असेल, कागद झाला की कागदच सांगेल. कागद झाला नाही. तो माझ्यामुळे झाला नाही. म्हणून मी तोंडाने सांगतो, आणि ही इतकी माणसं ऐकतात. नानांचा शब्द होता, अक्काला खोली आणि गच्ची, पाच वर्षं.

काय करायचं ते तू ठरव. घर तुझं आहे. पण मी नानांकडे शिकलोय, म्हणून एक सांगतो. विकायचं तर वीक. आधी अक्काचा कागद कर. जो घेईल तो कागद वाचून घेईल. त्याला माहीत राहील, अक्काला माहीत राहील, तुलाही झोप लागेल. आता सही तुझी लागेल, नानांची नाही.

गिरणीवाल्याला मी आज सकाळी विचारून आलोय. तो येतो म्हणाला. सोमवारी कचेरी उघडते. मी दहा वाजता फाटकाशी उभा असेन. आधार कार्ड खिशातच आहे, हे बघा. सकाळपासून तीनदा चाचपून पाहिलं. ऊन असलं तरी येईन. तू आलास तर बरं. नाही आलास तर मंगळवारी उभा राहीन.

फार बोललो. आता सगळ्यांनी उभं राहू या. अक्का, तुम्ही बसूनच राहा, नानांना चालेल. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मोबाईल बंद करा.

नाना, साक्षीदार आलाय. नमस्कार.