डीपीतून काढलेल्या तीन फ्यूजबाबत

दि. २२/०५/२०२५, गुरुवार, सकाळी ११.३० वा.

नाव: श्रीमती सुलोचना कवडू हिवरे. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: शेतमजुरी व शिवणकाम. शिक्षण: शाळेत गेले नाही, लिहिता-वाचता येते. राहणार: मौजा मांडवझरी, आंजी (मोठी) जवळ, ता. जि. वर्धा.

मी समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. आमच्या गावचे पिठाची चक्की चालवणारे पुंडलिकराव धोटे, वय ६३, यांनी माझ्याविरुद्ध मंगळवारी अर्ज दिला आहे. मी गावच्या डीपीतून तीन फ्यूज चोरून नेले व दोन दिवस गाव अंधारात ठेवले, असे त्यात आहे. फ्यूज मी काढले हे खरे आहे. का काढले ते सांगते.

रविवार दि. १८ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास वादळ आले. सुमारे चाळीस मिनिटे वारा होता. सव्वीस घरांची टिने उडाली. शाळेजवळचा कडुनिंब मुळासकट पडला. गावातले विजेचे चार खांब आडवे झाले, दोन वाकले. रुख्माबाई लोखंडे यांच्या डोक्याला विटकर लागली, तीन टाके पडले. त्याशिवाय कोणालाही काही झाले नाही.

वारा थांबल्यावर सव्वाचारला मी डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीकडे गेले. लाईन बंद होती. तरी मी घरातून रबरी हातमोजे व लाकडी पाट नेला होता. पाटावर उभे राहून मी पेटीतले तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि लुगड्याच्या ओच्यात बांधले. कोणाला विचारले नाही. विचारायला वेळ नव्हता, कारण आमच्या गावात लाईन गेली की ज्याला गरज असते तो स्वतः जाऊन पेटी उघडतो. पेटीला कुलूप कधीच नव्हते. हा फेज गेला तर त्या फेजवर टाक, असे सगळेच करतात.

हातमोजे माझे पती कवडू हिवरे यांचे आहेत. ते गावात झिरो वायरमन होते, म्हणजे कंपनीचा पगार नाही, पण गावातले विजेचे काम तेच करत. सहा वर्षांपूर्वी जून महिन्यात असेच वादळ झाले. त्यांनी फ्यूज काढून पेटीवर ठेवले आणि चक्कीजवळच्या खांबावर चढले. ते वर असताना कोणीतरी फ्यूज परत लावले. तेव्हाच्या चौकशीच्या कागदात लिहिले आहे की, फ्यूज जवळ न ठेवता पेटीवर ठेवणे ही मयताची चूक. ते खरे आहे. लावले कोणी, हे कागदात नाही. त्या कागदावर माझा अंगठा आहे. त्यात काय आहे हे कळावे म्हणून मी किराण्याच्या पुड्यांवरून व बसच्या पाट्यांवरून अक्षरे जुळवायला लागले. मी पूर्ण वाचलेला पहिला कागद तोच.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आंजीकडून येणारी मोठी लाईन सुरू झाली. डीपी घुमायला लागली. गावात फ्यूज लावण्याचाच अवकाश होता, ते मी काढून जवळ ठेवले होते. नळाची टाकी रिकामी होती, चक्कीत दळणाचे डबे रांगेत होते. पुंडलिकराव आठ-दहा माणसे घेऊन माझ्या दारी आले. ते म्हणाले, "वैनी, लहान लेकरावानी काऊन करून राह्यली? दे ते फ्यूज."

मी म्हटले, "देतो. आपापल्या घरची वायर खांबापासून मीटरपर्यंत पायी पाहून या. सगळे आले का देतो."

ते म्हणाले, "तू का इंजिनेर झाली का?"

मी म्हटले, "नाई. मी कवडूची बायको हाय."

त्यावर बाकीची माणसे परत गेली. शेवटी पुंडलिकरावही गेले. त्यांनी मला धक्काबुक्की किंवा शिवीगाळ केलेली नाही.

आमच्या गावात पंगतीचे आवतन घरोघर जाऊन देतात. एकही घर सोडता येत नाही आणि सगळ्या घरचे आल्याशिवाय पंगत बसत नाही. मी सोमवारी दुपारी तसेच आवतन फिरवले. माझ्यासोबत बचत गटाची सपना भोयर होती. प्रत्येक घरी एकच निरोप दिला. घरच्या एकाने व शेजारच्या एकाने, अशा दोघांनी वायर डोळ्यांनी पाहायची, हात लावायचा नाही, आणि शाळेत येऊन फळ्यावर नाव लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे मी लिहीन. घरे त्रेचाळीस आहेत.

पहिल्या दिवशी लोक हसले. रामाजी भोयर म्हणाले, आवतन तर दिले, पण जेवणात काय आहे? सपना म्हणाली, "बाबा, जिते राहाल, हेच जेवण हाय." रामाजी तिचे सासरे आहेत. फळ्यावर पहिले नाव त्यांचेच आले.

पाण्यासाठी रुख्माबाईंनी आपली मळ्यातली विहीर मोकळी केली. डोक्याला पट्टी बांधून त्या स्वतः रहाटावर बसल्या होत्या आणि कोणी दुसरी घागर घेऊ लागली तर तिला रांगेच्या मागे पाठवत होत्या. उडालेली टिने गोळा करून शाळेच्या मैदानात लावली. कोणाचे टिन कोणते यावरून दोन भांडणे झाली, ती तिथेच मिटली. ज्यांचे छत राहिले होते त्यांनी बाकीच्यांना ओसरीत घेतले. स्वयंपाक दोन दिवस चुलीवर, एकत्र झाला. पीठ संपले तेव्हा भात केला.

मंगळवारी दुपारपर्यंत बेचाळीस घरे झाली होती. पाच ठिकाणी तुटलेली वायर सापडली. एक बोरीच्या झाडात, एक नालीत, दोन उडालेल्या टिनाखाली दबलेल्या, एक अंगणवाडीच्या लोखंडी दारावर. प्रत्येक ठिकाणी काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली. राहिलेले घर पुंडलिकरावांचे होते. ते सकाळीच अर्ज द्यायला ठाण्यात आले होते.

दुपारी दोनला त्यांची सून आकांक्षा शाळेत आली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मामंजी येतील तवा येतील. आमच्या घरचं मी सांगतो. काकू, आमची वायर गोठ्याच्या टिनावर पडून हाय. कपड्याची तार त्याच गोठ्याले बांधली हाय, अन् कालपासून मी तिथंच ओले कपडे वाळू घालून राह्यली."

मी रुख्माबाईंना घेऊन पाहून आले. ती म्हणाली तसेच होते. तारेवर मुलीचे सात लंगोट होते. आकांक्षाने फळ्यावर नाव स्वतः लिहिले. त्रेचाळीस घरे झाली, पण वायरी तुटलेल्या होत्या म्हणून लाईनमन येईपर्यंत फ्यूज मी जवळच ठेवले.

पुंडलिकराव संध्याकाळी परत आले. मी तिथे नव्हते. त्यांना गोठ्यासमोर बराच वेळ उभे असलेले लोकांनी पाहिले.

बुधवारी सकाळी नऊला वीज कंपनीचे लाईनमन धीरज वानखेडे चार माणसे व खांब घेऊन आले. त्यांना वाटले होते की आमच्या गावाला दोन दिवस लागतील. मी फळ्यावरून उतरवलेली यादी दिली, कोणत्या घराची वायर कुठे तुटली तेही लिहिले होते. यादी वाचून त्यांनी विचारले, हे कोणत्या साहेबांनी केले. सपनाने माझ्याकडे बोट दाखवले. खड्डे गावच्या माणसांनी खोदले. खांब उभे करताना दोराला एका बाजूला बाया होत्या. पुंडलिकराव दुसऱ्या बाजूच्या दोराला होते.

धीरज यांनी सबस्टेशनला फोन करून परवानगी घेतली व माझ्याकडे फ्यूज मागितले. मी विचारले, खांबावर कोण चढणार. ते म्हणाले, मीच. मी म्हटले, "मंग तुह्याच खिशात ठेव." त्यांनी तिन्ही फ्यूज शर्टाच्या खिशात घातले आणि बटन लावले. मग ते चढले. एकूण अकरा वेळा चढले व अकरा वेळा उतरले. मी प्रत्येक खांबाखाली उभी होते.

दुपारी चारला मी सगळ्या गावाला मैदानात बसवले. लाईन सुरू होताना कोणी घरात नको, नळाला, टिनाला, तारेला हात नको, असे सांगितले. लोक घराघराने बसले. गावात त्या दिवशी एकशे शहाण्णव माणसे होती, कडेवरची धरून. मी मोजली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी धीरज यांनी फ्यूज लावले. शाळेच्या वर्गातला पंखा फिरायला लागला. लोक ओरडले, पोरांनी थाळ्या वाजवल्या, रामाजी नाचले. मी सपनाच्या खांद्याला धरले. धीरज यांनी सगळीकडे फिरून तपासले आणि आता घरी जा म्हणाले. जाण्याआधी मी पुन्हा मोजले. एकशे शहाण्णव होती.

डीपीला आता कुलूप आहे. चावी एक धीरज यांच्याकडे आहे, दुसरी शाळेत.

आज मला ठाण्यात पुंडलिकरावांनीच त्यांच्या मोटारसायकलवर आणले. नाल्याच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि माझे पती वारले त्या दिवसाबद्दल मला एक गोष्ट सांगितली. मला सहा वर्षांपासून तसेच वाटत होते. ती त्यांची आहे, म्हणून माझ्या जबाबात घेऊ नये. ती ते स्वतः सांगणार आहेत. ते माझ्याआधी आत येत होते, मी म्हटले, आधी माझे होऊ द्या.

वरील मजकूर लिहिणाऱ्या हवालदारांनी वाचून दाखवण्यास घेतला होता, परंतु मी कागद मागून घेऊन स्वतः सावकाश वाचला. दुसऱ्या पानावर "चोरून नेले" असे होते, तिथे "काढून जवळ ठेवले" असे करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. अंगठा दिलेला नाही, सही केली आहे.

पुंडलिकराव बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना आत बोलवावे.

सही: सुलोचना कवडू हिवरे