आईच्या अंगातली देवी

तुम्ही मला नास्तिक म्हणता ना? मग हे ऐकाच. वडनेरला आमच्या आईची पाळी जायला लागली, तेव्हा तिचं अंग एकाएकी भट्टीसारखं तापायचं, दरदरून घाम सुटायचा. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि रोज फिरायला सांगितलं. आई केस मोकळे सोडून अंगणात फेऱ्या मारायला लागली, तशी आजी म्हणाली, "देवी आली!" तिनं गोळ्या चुलीत घातल्या. "देवीवर कुठं दवाई चालते काय?" आमचे बाबा शाळामास्तर, तेही मुकाट्यानं अगरबत्ती लावून बसले.

मी कॉलेज सोडून घरीच होतो, या बुड्ढ्यांना शिव्या घालत. एका दुपारी आईला तसाच घाम सुटला. आजूबाजूला कोणी नाही बघून मी तिच्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. "माय, मले नोकरी कधी लागन?"

आईनं ओल्या पदरानं मान पुसली. "तुह्या आजीचं-बाबाचं सोड. तू तं शिकलेला. माय जळून राह्यली अन् तू नारळ घेऊन आला काय रे?"

दुसऱ्या दिवशी गोळ्या मीच आणल्या. नारळ अजून कोनाड्यात आहे. फोडायची हिंमत होत नाही.